पालकांचे प्रश्न : शाळा कोणती, आणि सुटल्यावर मूल कोणाकडे?

दिवाळीच्या सुट्या संपल्या की नागपुरात पुढील वर्षाच्या प्रवेशांची चर्चा सुरू होते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही तोच होतो. यंदा बहुतेक पत्रे आई-वडील दोघेही नोकरी करत असलेल्या घरांतून आली आहेत. प्राथमिक वर्गांना एकतीस वर्षे शिकवल्यानंतर अशा घरांतील मुलांविषयी माझी काही मते पक्की झाली आहेत आणि ती उत्तरांतून डोकावतील, हे आधीच सांगून ठेवते. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी नागपुरातील 'सदर' या भागातल्या एका बँकेत नोकरी करते. पती मिहान औद्योगिक क्षेत्रातील कंपनीत आहेत आणि आम्ही मनीषनगरला राहतो. घरी आम्ही तिघेच आहोत. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. दोन शाळा मनात आहेत. एक हिंगण्याच्या पलीकडे, केंद्रीय मंडळाची (सीबीएसई). मोठे मैदान, वातानुकूलित वर्ग, स्वतःची बस. परंतु घरापासून चौदा-पंधरा किलोमीटर. दुसरी दीड किलोमीटरवर, राज्य मंडळाची, सेमी-इंग्रजी, जुन्या इमारतीतली. बँकेतले सगळे सहकारी पहिलीचेच नाव घेतात. आमचा निर्णय होत नाही.
(एक आई, मनीषनगर)

उत्तर : दोन्ही शाळांची माहितीपत्रके तूर्त कपाटात ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर मुलीचा एक संपूर्ण दिवस लिहून काढा. उठण्याची वेळ, दूध, वेणी, बसथांबा, शाळा, डबा, परतीचा प्रवास, आणि संध्याकाळी तुमच्यापैकी एकाने कुलूप उघडेपर्यंत ती कुठे आणि कोणाजवळ असेल, हे सारे वेळेसह लिहा. प्रत्येक शाळेसाठी वेगळा कागद करा.

पंधरा किलोमीटरचे अंतर तुमच्या चारचाकीने पस्तीस-चाळीस मिनिटांचे असेल, पण शाळेची बस गल्लोगल्ली थांबत जाते, त्यामुळे तोच प्रवास तासाभराचा होतो. शाळा नऊला भरत असेल तर बस पावणेआठच्या सुमारास येईल आणि मुलीला साडेसहाला उठवावे लागेल. शाळा तीनला सुटली तर ती चारच्या पुढे घरी येईल. जवळच्या शाळेच्या कागदावर मात्र एक निराळीच अडचण दिसेल. ती शाळा अडीचला सुटत असेल आणि तुम्ही सातला घरी पोहोचत असाल, तर साडेचार तास कोणीतरी सांभाळायला हवे. नोकरी करणारे पुष्कळ आई-वडील लांबच्या शाळेकडे वळतात, त्यामागे हे न बोललेले कारण असते. मूल जितके उशिरा परतेल तितकी सांभाळण्याची सोय कमी तास करावी लागते. ही गरज खरी आहे आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही. फक्त रोजचे दोन तास बसमध्ये काढणे आणि तेच दोन तास शेजारच्या पाळणाघरात गरम वरणभात खाऊन, तासभर झोपून काढणे, यांपैकी सहा वर्षांच्या अंगाला काय मानवते, याचा विचार वेगळा करावा लागतो.

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. दुसरीत एक मुलगी होती, हिशोबात कच्ची, असे मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहूनही टाकले होते. गणिताचा तास तिसरा असे. त्या तासाला ती पेन्सिल धरून बसायची, डोळे फळ्यावर, आणि वहीत आकडे तिरपे होत होत ओळ सोडून खाली उतरायचे. एके दिवशी वही हातात घेऊन पाहिले तेव्हा लक्षात आले की पहिल्या दोन बेरजा सरळ आणि बरोबर होत्या, तिसरीपासून घसरण सुरू होत होती. मुलीला डुलकी लागत होती. व्हॅनचा पहिला थांबा तिचा होता, म्हणून आई तिला सव्वापाचला उठवायची. मी गणित डब्याच्या सुटीनंतर घेऊन पाहिले आणि महिनाभरात ती वर्गातल्या इतर मुलांइतकीच चांगली किंवा वाईट गणिते करू लागली. प्रगतिपुस्तकातला तो शेरा माझ्या हातचा होता, याची मला आजही लाज वाटते.

आता दुसरी कसोटी. सकाळी साडेअकराला शाळेतून फोन येतो की मुलीला उलटी झाली आहे, घेऊन जा. अर्ध्या तासात तिथे कोण पोहोचेल? सदरहून हिंगण्याच्या पलीकडे तुम्ही पोहोचणार नाही. मिहानमधून पती पोहोचतील की नाही, हे त्या दिवशीच्या कामावर अवलंबून राहील. जवळच्या शाळेत मात्र शेजारच्या काकू किंवा पाळणाघरातल्या मावशी चालतही जाऊ शकतात, आणि त्यांचे नाव प्रवेश अर्जात पालकांनंतरची व्यक्ती म्हणून लिहून ठेवता येते. नागपुरात राहणाऱ्यांना पावसाचे वेगळे सांगायला नको. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचले की अर्ध्या शहराचा रस्ता बदलतो. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तो शनिवार होता आणि प्रशासनाने शाळांना सुटी जाहीर केली. हेच पाणी सकाळी अकरा वाजता आले असते तर आपले मूल नदीच्या कोणत्या बाजूला असते, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या ओळखीच्या अनेक आयांनी स्वतःला विचारला होता.

तिसरा हिशोब सहसा कोणी करत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. शाळा जेमतेम २०० दिवस भरली, तर वर्षाचे १६५ दिवस मूल घरी असेल. तुमच्या बँकेच्या सुट्या, पतीच्या कंपनीच्या सुट्या आणि दोघांच्या रजा मांडून पाहा, किती दिवस उघडे पडतात ते दिसेल. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शाळा बंद आणि मिहानमधली कंपनी चालू, असे होणारच. म्हणून प्रवेशाच्या वेळी मागील वर्षीची सुट्यांची यादी मागून घ्या. दोन मंडळांच्या दिनदर्शिकाही सारख्या नाहीत. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, तर राज्य मंडळाच्या विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीकडे उघडतात. एप्रिलच्या शेवटी पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे असताना दुपारी परतणारी बस वातानुकूलित असली तरी थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता तसा नसतो. उलट राज्य मंडळाची शाळा घेतलीत तर उन्हाळ्याची लांब सुटी तुम्हाला निभवावी लागेल. आजोळ वर्धा-अमरावतीला असेल तर ती सोय आहे, नसेल तर खर्च आहे.

हे झाल्यावर शाळेत जा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी, शाळा सुटण्याच्या वीस मिनिटे आधी. पहिलीच्या वर्गात किती मुले आणि किती शिक्षक आहेत ते विचारा. कायद्यातले प्रमाण साधारणपणे तीस मुलांमागे एक शिक्षक असे आहे. वर्गशिक्षिका किती वर्षे इथे आहेत, हे विचारा, कारण दरवर्षी बाई बदलणारी शाळा मैदान कितीही मोठे असले तरी लहान मुलाला परकी राहते. दुपारी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येते का ते पाहा, आणि नळ सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीचा आहे का तेही. कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवलेली सुंदर वही दाखवतील, ती बाजूला ठेवून वर्गातली कोणतीही एक वही मागा आणि बाईंच्या लाल शाईकडे बघा. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की चुकलेल्या शब्दाशेजारी बरोबर शब्द लिहिलेला आहे? शाळा सुटताना मूल कोणाच्या हवाली केले जाते आणि ते कोण बघते, हे फाटकाबाहेर उभे राहून पाहा. नोकरी करणाऱ्या आईसाठी माहितीपत्रकातल्या चाळीस पानांपेक्षा ही वीस मिनिटे जास्त बोलतात. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शासनाच्या शाळा-नोंदीतला क्रमांक, मागून ती मान्यताप्राप्त आहे याची खात्री करा. केंद्रीय मंडळाच्या शाळांना तर शिक्षकांची पात्रता, शुल्क आणि इमारत व अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक आहे. ती तिथे नसतील तर तेवढ्याने बरेच कळते.

मला विचाराल तर मी जवळची शाळा घेईन आणि बसचे वाचलेले पैसे चांगल्या पाळणाघराला देईन. मात्र त्या शाळेत पहिलीच्या एका तुकडीत साठ मुले एका बाईंच्या हाती असतील, तर माझे हे मत मागे घेते आणि चार-पाच किलोमीटरच्या आतली तिसरी शाळा शोधा असे सांगते. सहकाऱ्यांना उत्तर देण्याची घाई करू नका. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या मुलीला साडेसहाला उठवणार नाही.

प्रश्न : मी केंद्र शासनाच्या नोकरीत आहे, बदल्या होतात, म्हणून मुलाला केंद्रीय विद्यालयात घालण्याचा विचार आहे. त्याचा जन्म सप्टेंबरचा आहे. इतर शाळा म्हणतात की तो पुढच्या वर्षी पहिलीत बसतो, केंद्रीय विद्यालयाच्या नियमात तो बसत नाही. एक वर्ष वाया घालवावे का?
(एक वडील, वायुसेनानगर)

उत्तर : दोन्ही सांगणारे आपापल्या जागी बरोबर आहेत. राज्याच्या २०२०च्या शासन निर्णयानुसार ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाने सहा वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात, तर केंद्रीय विद्यालयात ती ३१ मार्चला पूर्ण असावी लागतात. एप्रिल ते डिसेंबरमध्ये जन्मलेली सगळी मुले या दोन तारखांच्या मधल्या फटीत सापडतात. बदलीची नोकरी असणाऱ्यांना केंद्रीय विद्यालयांत प्राधान्यक्रम मिळतो आणि गावोगावी तोच अभ्यासक्रम सापडतो, हा लाभ लहान नाही; नागपुरात अजनी, वायुसेनानगर, अंबाझरी आणि जवळच कामठी येथे अशी विद्यालये आहेत.

आपण "वाया" हा शब्द वापरला आहे, त्यावर माझा आक्षेप आहे. सप्टेंबरात जन्मलेले मूल राज्याच्या नियमाने पहिलीत बसले तर वर्गातल्या सर्वांत लहान मुलांत असते. शेजारच्या बाकावरचे मूल त्याच्याहून नऊ-दहा महिन्यांनी मोठे असू शकते आणि साडेपाच-सहा वर्षांच्या वयात हा फरक बूट बांधण्यापासून पेन्सिल धरण्यापर्यंत सगळीकडे दिसतो. वर्षभर थांबलेले मूल माझ्या पाहण्यात कधी मागे पडले नाही. थांबण्यात आई-वडिलांना जी खरी अडचण असते ती वेळेची. बालवाडी तीन तासांची आणि पहिली साडेपाच तासांची, त्यामुळे मूल पहिलीत गेले की घराचे गणित सुटते. तीच आपली अडचण असेल, तर तिच्यावर उपाय म्हणून दुपारचे पाळणाघर शोधा, किंवा जवळच्या केंद्रीय विद्यालयात बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्ग, आहे का याची चौकशी करा. तसेच केंद्रीय विद्यालयाच्या पहिलीचे प्रवेश सोडतीने होतात, म्हणून एखादी दुसरी शाळाही डोळ्यांसमोर असू द्या.

प्रश्न : प्राथमिक शाळा आता नऊला भरतात. मला साडेनऊला बुटीबोरीत हजर व्हावे लागते आणि पतीची सकाळची पाळी असते. सकाळी सातची शाळा आमच्यासाठी चांगली होती. हा नियम कोणाच्या सोयीसाठी केला?
(महाल)

उत्तर : मुलांच्या झोपेसाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने सर्व मंडळांच्या आणि माध्यमांच्या शाळांना सांगितले की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. अनेक शाळांत एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक असे दोन सत्रांचे गणित असते, त्यामुळे त्यांना हा बदल जड गेला आणि अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही. सातच्या शाळेत पहिल्या तासाला अर्धा वर्ग जांभया देत असतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, म्हणून माझा कौल नऊच्याच बाजूने आहे. तुमची अडचण मात्र त्यामुळे लहान होत नाही. महालातून बुटीबोरी म्हणजे आठ-सव्वाआठला घर सोडणे आले.

तीन दारे ठोठावून पाहा. पहिले तुमच्या कार्यालयाचे. आठवड्यातले दोन दिवस अर्धा तास उशिरा येऊन अर्धा तास उशिरा जाण्याची परवानगी लेखी मागा. तोंडी मागितलेली सवलत वरिष्ठ बदलले की जाते. पतीची पाळी दर पंधरवड्याला बदलत असेल तर त्यांनीही तेच करावे, कारण हे पत्र आईने लिहिले आहे आणि अशी पत्रे मला आजवर आयांकडूनच आली आहेत. दुसरे दार शाळेचे. साडेआठला ग्रंथालयाची खोली उघडून एखाद्या शिक्षिकेच्या देखरेखीत मुलांना बसू देणे शाळेला फार खर्चाचे नसते, पण एका आईने मागितल्यावर ते होत नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेत दहा-बारा पालकांनी मिळून मागणी ठेवावी. तिसरे दार शेजारचे. महालासारख्या जुन्या वस्तीत एकाच शाळेत जाणारी चार मुले एका वाड्यात सापडतात. मुलांना पोहोचवण्याच्या पाळ्या ठरवा, आणि ज्या आजी रोज सोडायला जातात त्यांना नुसते धन्यवाद न देता महिन्याचे काही ठरवून द्या, म्हणजे सांगणे-सवरणे दोन्ही बाजूंना सोपे जाते.

प्रश्न : पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाखतीला बोलावले. मुलाला इंग्रजीत रंग विचारले आणि मला विचारले, "तुम्ही दोघेही नोकरी करता, मग अभ्यास कोण घेणार?" नंतर इमारत निधी म्हणून एक रक्कम सांगितली, पावती मिळणार नाही असेही सांगितले. काय करावे?
(वाठोडा)

उत्तर : शिक्षण हक्क कायदा २००९चे कलम १३ या दोन्ही गोष्टींना मनाई करते. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करता येत नाही. तसे केल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी घेतल्यास दंड आकारलेल्या देणगीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. शुल्काबाबत राज्याचा २०११चा शुल्क विनियमन अधिनियम आहे आणि शाळेचे शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर मांडून ठरावे लागते. घडलेला प्रसंग, तारीख आणि वेळ लिहून शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या व पोच घ्या.

तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही देऊन टाकते. पहिलीतल्या मुलाचा अभ्यास शाळेने घ्यायचा असतो. घरी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक बसावे लागेल इतका गृहपाठ पहिलीत देणारी शाळा आपले काम पालकांवर ढकलत असते, आणि हे ती प्रवेशाच्या दिवशीच कबूल करत असेल तर तिथे मूल न घालणेच बरे. तक्रार मात्र तरीही करा.

प्रश्न : मी इतवारीत कापडाच्या दुकानात काम करते. मुलगा माझ्याकडे असतो, घरी दुसरे कोणी नाही. २५ टक्क्यांतून मोठ्या शाळेत नंबर लागू शकतो असे दुकानात सांगतात. मोठ्या शाळेत जाऊन त्याचे भले होईल का?
(ताजबाग परिसर)

उत्तर : ताई, अर्ज जरूर करा. खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात आणि आठवीपर्यंत शुल्क द्यावे लागत नाही. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात, ओळखीने होत नाहीत. त्यामुळे कोणी पैसे घेऊन नंबर लावून देतो म्हणाले तर त्याच्यापासून लांब राहा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालामुळे हा नियम लागू नाही, म्हणून शहरातल्या काही नावाजलेल्या मिशनरी शाळा यादीत दिसणार नाहीत. भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार आधी करून ठेवा आणि अर्जातील नकाशावर घराची खूण अचूक लावा. पडताळणीत पत्ता जुळला नाही तर लागलेला नंबर जातो, आणि असे रडत परतलेले पालक मी पाहिले आहेत.

निवडीत मात्र घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळा आधी लिहा. शुल्क माफ झाले तरी बस, बूट, सहल आणि स्नेहसंमेलनाचे कपडे यांचे पैसे कोण देणार, हे शाळेला आधी विचारा. दुकान रात्री आठला बंद होते, तोवर तो कोणाकडे राहील, ही तुमच्या निवडीतली सर्वांत मोठी बाब आहे. नंबर लागला नाही तर निराश होऊ नका. महानगरपालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा आहेत. त्यांपैकी तुमच्या वस्तीजवळच्या शाळेत एकदा जाऊन पहिलीच्या बाईंशी बोला. तिथे दुपारचे जेवण शाळेत मिळते आणि डबा करून सकाळी नऊला दुकानात पोहोचणाऱ्या आईला त्याचे मोल कळते. शाळा मोठी की लहान यापेक्षा त्या बाई मुलाला नावाने हाक मारतात का, एवढे तुम्ही पाहून या.

प्रश्न : ऑटोवाले काका दारातून नेतात-आणतात, विश्वासाचे आहेत, पण ऑटोत नऊ-दहा मुले असतात. शाळा म्हणते, ऑटो आमची जबाबदारी नाही.
(जरीपटका)

उत्तर : विश्वासाच्या माणसाच्या ऑटोतही दहावे मूल दांडीवरच बसते. राज्याच्या २०११च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तुमचा प्रश्न लेखी स्वरूपात त्या समितीसमोर ठेवा. काकांना परवाना, विमा आणि वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दाखवायला सांगा. विश्वास असला तरी हे मागता येते. चार-पाच घरांनी मिळून मुलांची संख्या निम्म्यावर आणावी आणि भाडे त्या प्रमाणात वाढवून द्यावे, याखेरीज दुसरा प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.

प्रश्न : मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जातात. नात शाळेतून दोनला येते, ती माझ्याजवळच असते. तिला इंग्रजी माध्यमात घालायचे ठरते आहे. मला इंग्रजी येत नाही. दुपारी ती काही विचारेल आणि मला सांगता येणार नाही, याची भीती वाटते. सुनेला हे बोलले तर तिला वाटेल की मी तिच्या निर्णयात पडते.
(एक आजी, सक्करदरा)

उत्तर : आजी, हे पत्र सुनेने लिहायला हवे होते, कारण अडचण तिचीही आहे. ज्या घरात मुलाची दुपार आजीजवळ जाते, तिथे माध्यम ठरवताना आजीला विचारलेच पाहिजे. तुम्ही बोला, आणि निर्णयाविषयी न बोलता दुपारविषयी बोला. "ती दोनला येईल, तीनला उठेल, मग वही काढेल. त्या वहीत मला काय करता येईल ते तू मला सांग," असे विचारलेत तर त्यात पडण्यासारखे काही नाही.

सुनेला दोन गोष्टी माहीत असाव्यात म्हणून लिहिते. महाराष्ट्रात मराठी शाळांतही २०००पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे मराठी माध्यम म्हणजे इंग्रजी नाही, हा जुना समज आता खरा नाही. दुसरे असे की २०२०च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, म्हणजे इंग्रजी शाळेतही मराठीची वही असणारच. नवे शैक्षणिक धोरणही जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे सांगते. माझा कल तिकडेच आहे, विशेषतः घरी विचारायला माणूस असताना. परंतु मुलगा-सून यांनी इंग्रजीच ठरवले, तरी तुमची दुपार रिकामी होत नाही. ज्या मुलांना घरी भरपूर गोष्टी ऐकायला मिळतात, ती कोणत्याही भाषेतले पुस्तक लवकर धरतात. पहिलीतली बेरीज भाषेवाचून होते. चिंचोके आणा, दहा-दहाचे ढीग करा, तिला मोजू द्या. शाळेत त्याच आकड्यांना काय म्हणतात ते ती तुम्हाला शिकवेल आणि शिकवताना तिचेच पक्के होईल. बे एके बे तर तुम्हाला झोपेतही येत असेल, पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, येत असली तर तीही म्हणा, परीक्षेला नाही म्हणून काय झाले.

इंग्रजीतला एखादा प्रश्न तुम्हाला कळला नाही तर वहीच्या त्या पानाला सुतळीचा तुकडा लावून ठेवा. संध्याकाळी सून आल्यावर, चहा झाल्यावर, तिने फक्त सुतळी लावलेले पान उघडायचे. इतर पाने तुमची आणि नातीची.